पोकेमॉनचे पत्ते आणि गंजिफा

सांगलीत मी ज्या मुलांना मराठी आणि उर्दू शिकवतो, त्यांच्या दप्तरांत यंदा सोनेरी पोकेमॉन पत्त्यांचे गठ्ठे आहेत. एका मुलाची अम्मी भेटायला आली आणि सरळ विचारलं, "सर, ये जुआच है ना?" मुलगा मधल्या सुट्टीत तीस पत्ते हरून आला होता.

तिची भीती उगाच नव्हती. आपल्या घरांत पत्ते म्हटलं की कपाळाला आठी पडते. सौदी अरेबियाने 2001 साली या पत्त्यांवर बंदी घातली, तेव्हा एक कारण जुगाराचंच दिलं होतं. मी लगेच हो म्हणालो नाही. आधी मुलं काय खेळतात ते पाहिलं. दोघं एकेक पत्ता टाकतात, 'एचपी'चा आकडा ज्याचा मोठा, त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. बस्स. आमच्या लहानपणी कुस्तीवाल्यांच्या ट्रम्प कार्डांवर हेच चालायचं.

1996 साली जपानमध्ये आलेला मूळ खेळ वेगळाच आहे. प्रत्येकाचा स्वतःचा 60 पत्त्यांचा गठ्ठा. साधी एनर्जी सोडली तर एका नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते नाहीत. सुरुवातीला सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे ठेवायचे आणि समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातला एक उचलायचा. गंमत म्हणजे हे बक्षीस आपल्याच गठ्ठ्यातलं! डाव संपला की ज्याचे पत्ते त्याच्याकडे. मी तिला म्हणालो, "खेळात जुगार नाही, आपल्या पोरांनी तो घातलाय." पाकिटात भारी पत्ता निघेल या आशेवर पैसे घालत राहणं मात्र मला खटकतं, तेही सांगितलं.

आणि नुसते भारी पत्ते भरून कोणी जिंकतही नाही. दर खेपेला एनर्जीचा एकच पत्ता लावता येतो. तीन-चार एनर्जी मागणारा पोकेमॉन तयार होईपर्यंत एका एनर्जीवरचा बारका त्याला झोडपत राहतो. म्हणून मुरलेले खेळाडू हवा तो पत्ता शोधून देणारे ट्रेनर पत्ते भरपूर ठेवतात. मुलं नेमके तेच वाटून टाकतात.

उर्दूच्या मास्तरला इथे गंजिफा आठवणारच. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवला, ही नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल गंजिफ्यात 96 पत्ते, आठ रंग: ताज, सफेद, शमशीर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. बरात म्हणजे पैसे देण्याचा हुकूमनामा, जुन्या मराठी कागदांतली 'वरात' ती हीच. आपल्याकडे सावंतवाडीत तोच खेळ दशावतारी झाला, दहा अवतारांचे 120 गोल पत्ते. तिघांत वाटले की प्रत्येकाला चाळीस. दिवसा उतारी रामाची, रात्री कृष्णाची. राजा आणि प्रधानाखाली अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का. हुकूम नाहीच, त्यामुळे कोणता पत्ता पडून गेला हे डोक्यात ठेवणं हीच सगळी युक्ती. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला वाचवली, राजवाड्यात पत्ते अजून हाताने रंगवतात. लोक ते कौतुकाने घेतात आणि काचेत लावतात. उतारी कोणाची हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असतं?

सुट्टीत साताऱ्याला बहिणीकडे गेलो, तर भाच्याच्या डब्यात दोनशेवर पत्ते आणि एनर्जीचा एकही नाही. "मामू, वो फालतू पत्ते थे, फेंक दिये." मग आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापल्या, त्यावर स्केचपेनने आग, पाणी, पान काढलं. ट्रेनरचे पत्तेही तसेच केले. पहिला डाव दोन तास चालला. त्याचा सगळ्यात लाडका सोनेरी पत्ता एकदाही हल्ला न करता पडला. तो जाम चिडला. बहीण जेवायला हाका मारत होती आणि हा गठ्ठा पिसत म्हणत होता, "मामू, और एक."