एकोणिसावा

साठी उलटलेला माणूस पहाटे धावताना दिसला, की याची गाडी चुकणार असे लोकांना वाटते. सुरतेत रांदेरच्या कॉजवेवर तर एक चहावाला मला रोज विचारतो, "काका, शेनी उतावळ छे?"

उतावीळ कसली! गेल्या पाच वर्षांत माझा किलोमीटर साडेसहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आला आहे. गुडघे कुरकुरतात. आता धावणे सोडा, चाला, असे घरची मंडळी म्हणतात आणि डॉक्टरही म्हणतात. मलाही अधूनमधून ते पटू लागते.

बेळगावात वाढल्यामुळे असेल, पण अशा वेळी मला आपले फडेप्पा दरेप्पा चौगुले आठवतात. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी पोरे दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी चार धावपटू व दोन मल्ल बोटीने रवाना झाले. चौगुले त्यांपैकी एक. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडचे कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे. त्यांच्याबरोबर धावलेले सदाशिव दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत.

पहिल्या क्रमांकाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला ओढ आहे ती मधल्या अठरा मिनिटांची. चौगुल्यांची सरासरी किलोमीटरला जेमतेम चार मिनिटे, म्हणजे कोलेमाइनेन पोहोचले तेव्हा यांचे सुमारे साडेचार किलोमीटर उरले होते. सुवर्णपदक गेलेले, मुलूख परका, आणि हा बेळगावचा गडी धावतोच आहे. त्या वेळी त्यांच्या मनात काय होते, हे विचारायला आता कोणी नाही.

त्यांची माझी बरोबरी कसली! डुमसच्या सपाट रस्त्यावर त्यांची गती मी एकदा धरून पाहिली. दोनशे मीटर टिकली, तीही मागे कुत्रे लागले होते म्हणून.

पावसाळ्यात तापीचे पाणी कॉजवेवरून वाहू लागले, की तो रस्ता बंद होतो. मग रोजच डुमसकडे जातो. तिथले शेवटचे साडेचार किलोमीटर मी घड्याळ लावून धावतो. परवा छत्तीस मिनिटे लागली. गेल्या दिवाळीत पस्तीस लागत होती.