शाल आणि दुपटं

परवा माझी धाकटी नणंद आली होती. इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. जाताना उशाशी एक लहानसं पुस्तक विसरून गेली. दुपारची झाकपाक झाल्यावर मी सहज हाती घेतलं. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, शब्दकोश जवळ घेऊन बसले. त्या दोन दिवसांत दूध दोनदा उतू गेलं!

सिंथिया ओझिक या अमेरिकन लेखिकेचं ‘द शॉल’. पहिली कथा १९८० साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली, पुढची ‘रोझा’ १९८३ मध्ये, आणि १९८९ मध्ये दोन्हींचं मिळून पुस्तक झालं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लाख ज्यू मारले, त्या काळातली गोष्ट. छळछावणीत रोझानं पंधरा महिन्यांची मॅग्दा शालीत लपवली आहे. अंगावरचं दूध आटलेलं. पोर शालीचं टोक चोखत गप्प राहते, म्हणून तर जगते. एके दिवशी रोझाची चौदा वर्षांची भाची, स्टेला, थंडीनं काकडून ती शाल स्वतःवर ओढते. पोर शाल शोधत दुडुदुडु बाहेर जाते आणि टाहो फोडते. आईला वाटत होतं ही मुकी आहे. तो आवाज ऐकून क्षणभर तिला आनंदच होतो! मग शिपाई त्या जिवाला विजेच्या तारांवर फेकतो. किंचाळली तर आपल्यालाही गोळी घालतील, म्हणून रोझा ती शाल स्वतःच्या तोंडात कोंबते.

मी पुस्तक मिटलं. कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या.

दुसऱ्या कथेत रोझा म्हातारपणाकडे झुकली आहे, अमेरिकेत मायामीच्या एका हॉटेलातल्या खोलीत एकटी राहते. स्टेलाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्रं लिहिते. मेलेल्या मॅग्दाला मात्र अस्सल, साहित्यिक पोलिश भाषेत! लेक मोठी झाली, शिकली असं धरून लिहिते. मला वाटतं, परक्या भाषेत ती नुसती चिडखोर बाई ठरते, आणि आई राहायला तिला आपलीच भाषा लागते. पण लेखिका तिला देवी करत नाही हं. हीच रोझा यिडिश बोलणाऱ्या गरीब ज्यूंना हलकं समजते.

एक प्राध्यापक तिला पत्र पाठवतो, तुमच्यासारख्या ‘वाचलेल्यां’चा अभ्यास करायचा आहे म्हणून. तिचा संताप होतो. माणूस का म्हणत नाहीत आम्हाला? धुवायला नेलेल्या कपड्यांतलं आतलं एक वस्त्र सापडत नाही, तर ती एका भल्या गृहस्थावर चोरीचा आळ घेते. शेवटी ते टॉवेलातच गुंडाळलेलं निघतं. वाचताना आधी हसू आलं, मग हसूच थिजलं. छावणीत तिच्यावर बळजबरी झाली होती. अशा बाईला साधं कपडे धुणंही साधं कसं राहावं?

आता माझं सांगते. तुलना करायची माझी हिंमत नाही. तिचं लेकरू माणसांनी मारलं, माझं तापानं गेलं, अकरा महिन्यांची होती. सगळे म्हणाले, “लहान आहेस, दुसरं होईल, विसर.” दुसरा झालाही, आता तिसरीत आहे. तिचं नाव मात्र घरात कुणी घेत नाही. मीही घेत नाही. माझं माहेर मालवणकडचं. सासरी माझ्या बोलीला हसत, म्हणून मी शुद्ध बोलायला शिकले, आता तर शाळेत अर्धवेळ मराठीच शिकवते. पण एकटी असले की ट्रंकेतलं तिचं दुपटं काढते आणि बोलते ती मालवणीतच. ‘चेडवा’ म्हणते तिला. शुद्ध भाषेत तिला हाक मारायला मला आजवर जमलेलं नाही.

काल नणंद पुस्तक न्यायला आली. “वहिनी, कळलं का सगळं? परीक्षेला आहे. आईपण, भाषा आणि आघात असा प्रश्न येतो.” तिनं वहीत मुद्दे एक, दोन, तीन असे मांडले होते. चांगले होते. मी चहा टाकला. मग काय झालं कोण जाणे, ट्रंक उघडली आणि ते दुपटं तिच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा ती शाळकरी पोर होती, तिला आठवतही नसेल असं मी धरून चालले होते.

तिनं दुपट्याचं टोक उलटून पाहिलं. “हा हिरवा टाका मी घातला होता, वहिनी.”

चहा तसाच गार झाला.