कदंबातून कदंबांकडे

आम्हा गोंयकारांचं बेळगाव म्हणजे खडेबाजार, कुंदा आणि लग्नाची खरेदी. चोर्ल्याचा घाट चढायचा, पिशव्या भरायच्या, संध्याकाळी परत. वीस वर्षं मीही हेच केलं, बहुतेकदा कदंबा बसने. ज्यांचं नाव त्या बसवर आहे त्यांचं घर या वाटेजवळच आहे, हे कधी मनातही आलं नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र जांबोटीहून खानापूरकडे वळलो आणि हलशी गाठली. गोव्याच्या कदंबांची ही दुसरी राजधानी. इथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं. आत दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह, दुसऱ्यात वराह. मंडपात तांबडी सुर्लचाच गारवा. जवळच रामतीर्थाची टेकडी आहे, तीही चढलो. पायांत बळ असेल त्यांनी भीमगडाचं रान पाहावं. २०११ पासून ते अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याला आधी विचारून जावं. आपली म्हादई याच रानात उगम पावते.

देवळाबाहेर एका आजोबांनी विचारलं, "कुठले पाव्हणे?"

"गोव्याचे."

"मग पाव्हणे कसले? घरचेच की!"

सीमेवरच्या गावातल्या माणसाने हे म्हणावं, आणि आम्ही मात्र कुंदा घेऊन परतावं!