उसण, लाथ आणि दप्तर

"बाई, पाठ दुखते" असं कुणी म्हणालं, की मी आधी त्याला दप्तर उघडायला लावते. काय काय निघतं त्यातून! आज नसलेल्या तासांच्या वह्या, दोन-दोन कंपासपेट्या, आणि एकदा तर चक्क नदीतले गोटे!

आपला कणा म्हणजे एक सलग हाड नव्हे, बरं का. मुलांच्या कण्यात ३३ मणके असतात आणि बहुतेकांच्या मध्ये मऊ चकत्या. जड दप्तर आपल्याला मागे ओढतं, तोल सावरायला आपण पुढे झुकतो, मग पाठीचे स्नायू ताणून ताणून दुखू लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणात म्हटलंय, की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. म्हणजे तुम्ही ३० किलोचे, तर दप्तर ३ किलोचं. वाण्याच्या काट्यावर तोलून बघाच! दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यांवर हवेत आणि जाड पुस्तकं पाठीलगत.

तरी दुखलंच तर? आपल्याकडे उसण भरली, की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत आहे! तसलं काही करू नका हं. दिवसभर अंथरुणात पडूनही राहू नका. कोमट शेक घ्या, जमेल तसं हिंडा-फिरा. एक-दोन दिवसांत बरं वाटू लागतं बहुधा. पण दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, ताप असेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा पाय लुळे वाटत असतील, तर त्याच दिवशी घरी सांगा आणि थेट डॉक्टरांकडे जा. तिथे लाथ मिळत नाही!