उपवासाची भाकर कोणाची?

उपवासकाळ सुरू झाला की धर्मग्रामात एक प्रश्न हमखास कानी येतो : "फादर, आज मासळी चालेल ना?" प्रश्न भाबडा आहे, परंतु आपल्या धार्मिक जीवनाचे एक जुने दुखणे त्यात दडलेले आहे. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून बाजारातून भलीमोठी रोहू आणावयाची, ती मसाल्यात घोळवून तळावयाची आणि नियम पाळल्याचे समाधान मानावयाचे, याला उपवास म्हणावे काय? 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण शेजाऱ्याच्या साबुदाण्याकडे बोट दाखवून उच्चारतो. ती आपल्याही स्वयंपाकघराला लागू पडते, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

नियम म्हणावा तर तो आता फारसा कठीण राहिलेला नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही, असा एके काळी दंडक होता. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे जाहीर केले आणि १९६४ साली पोप सहावे पौल यांनी ही मुदत एका तासावर आणली. १९६६ साली त्याच पोपमहाशयांनी प्रायश्चित्ताचे सारे नियम नव्याने घालून दिले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. त्या दिवशी एकदाच पूर्ण जेवण घ्यावयाचे. सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाण्यास मनाई नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हे बंधन, तर मांसवर्जनाचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून.

नियम सैल झाला म्हणजे उपवासाचे मोल उतरले, असा अर्थ कित्येकांनी काढला. ख्रिस्तसभेच्या मनात तसे नव्हते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील दस्तऐवजात स्पष्ट केले की, उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक असू नये. ते बाह्य आणि सामाजिकही असावे. म्हणजे नियमाची काठी बाजूला ठेवून ख्रिस्तसभेने ती जबाबदारी आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविली. काठी गेली आणि आपण चालणेच थांबविले, तर दोष कोणाचा?

'उपवास' या शब्दाकडेच पाहा. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. उपाशी राहणे हा त्याचा वरवरचा अर्थ. प्रभूच्या जवळ राहणे हा खरा अर्थ. आमच्या नागपुरातील बौद्ध बांधव पौर्णिमेला जो उपोसथ पाळतात, त्याचे मूळही हेच. २०२५ साली २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली, २ मार्चला रमजानचा पहिला रोजा झाला आणि ५ मार्चला आमच्या कपाळी राख लागली. आठ दिवसांच्या आत एकाच शहरातील तीन समाज परमेश्वरासाठी भुकेले राहिले. नंदनवनासारख्या वस्तीत या तिन्ही समाजांचे दरवाजे एकमेकांसमोर उघडतात. अशा ठिकाणी आपला उपवास नेमका कसला, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

याच भागातील एका भगिनीने आम्हांला विचारलेला प्रश्न मासळीच्या प्रश्नाहून फार निराळा होता. चार घरची धुणीभांडी करून ती संसार चालविते. ती म्हणाली, "फादर, राखेच्या बुधवारी कामावर निघताना चहासोबत दोन पोळ्या खाल्ल्या तर पाप लागते काय? दुपारच्या जेवणाचा काही नेम नसतो." आम्ही म्हणालो, "ताई, तुम्ही खुशाल खा. हे बंधन तुमच्यासाठी नाही." हे उत्तर आमच्या पदरचे नव्हे. भीक मागून तुकडा तुकडा गोळा करणाऱ्याला एका वेळी पुरेसे अन्न मिळत नाही, म्हणून त्याच्यावर उपवासाचे बंधन नाही, असे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे. आजारी माणसे, गर्भवती स्त्रिया, तान्ह्या बाळांच्या माता व अंगमेहनतीची कामे करणारे यांनाही ख्रिस्तसभा मोकळीक देते. ज्याच्या ताटात काही आहे, त्यानेच त्यातले काही सोडावयाचे असते. रिकामे ताट हा उपवास नव्हे. तो समाजाचा अपराध आहे.

तेव्हा प्रश्न त्या भगिनीचा नाही, ती जिथे भांडी घासते त्या घराचा आहे. त्या घरातील मालकीण शुभ शुक्रवारी दिवसभर निरंकार राहील, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने गुडघे टेकून करील. आणि महिनाअखेर कामवालीचे दोन खाडे मोजून पैसे कापील. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात परमेश्वराचा रोष नेमका याच उपवासावर आहे. उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच स्वार्थ साधता आणि मजुरांना राबविता, असे तो बजावतो. जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीचा वाटा देणे, उघड्याला वस्त्र देणे, हा त्याला आवडणारा उपवास. योएल संदेष्टाही कपडे फाडण्यापेक्षा हृदय फाडावयास सांगतो, ते याच कारणाने.

आद्य ख्रिस्ती लोकांना हे नीट उमगले होते. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची एक साधी रीत सांगितली आहे : त्या दिवशी केवळ भाकर आणि पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. या रीतीत उपवासाचा हिशेब परमेश्वराशी होतो आणि पैसे शेजाऱ्याच्या हाती पडतात. १९६२ साली स्थापन झालेली कॅरितास इंडिया ही संस्था उपवासकाळात भूक आणि रोग यांविरुद्ध जी मोहीम चालविते, तिचे मूळ याच विचारात आहे.

आमच्या नागपूर धर्मप्रांताला तर या बाबतीत घरचाच गुरू लाभला आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांताची पायाभरणी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या मिशनऱ्यांनी केली आणि आमचे कॅथेड्रलही त्याच संताच्या नावाचे आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात ते म्हणतात की, कोणी मद्याच्या थेंबाला जीभ लावावयास भितो, पण चहाडी करून शेजाऱ्याचे रक्त प्यावयास मात्र कचरत नाही. अतिरेकी उपवासही त्यांना मान्य नव्हता. हरिण फार लठ्ठ झाले तरी त्याला धावता येत नाही आणि फार रोडावले तरी नाही, हा त्यांचा दृष्टांत. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आमच्या वृद्धांनी आणि भर उन्हात परीक्षेला जाणाऱ्या मुलांनी तो ध्यानात ठेवावा.

मग वजन घटविण्यासाठी जेवण सोडणारा आणि उपवास करणारा यांच्यांत भेद कोणता? पहिल्याचे लक्ष आरशाकडे असते, दुसऱ्याचे प्रभूकडे. वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल तेव्हा माझे शिष्य उपवास करतील, असे प्रभू येशूने सूचित केले आहे. उपवास ही वाट पाहणाऱ्याची भूक आहे. पोट रिते झाले की आपण भाकरीवर आणि भाकर देणाऱ्यावर किती अवलंबून आहोत, हे शरीरालाच कळते. आणि शरीराला कळलेले मनाला सहसा विसरता येत नाही. म्हणूनच प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्रयी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एकत्र आली आहे. प्रार्थनेवाचून उपवास म्हणजे पथ्य, आणि दानावाचून उपवास म्हणजे बचत.

येत्या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे. आठवड्यातून एका वेळचे जेवण साधे ठेवावे आणि वाचलेली रक्कम मुलांच्या देखत वेगळी काढावी. आपल्या घरी राबणाऱ्या माणसाला शुभ शुक्रवारची भरपगारी सुटी द्यावी. ज्याच्याविषयी बोलताना आपली जीभ सैल सुटते, त्याच्याबद्दल चाळीस दिवस मौन पाळावे. यांतील पहिली गोष्ट सर्वांत सोपी आणि तिसरी सर्वांत अवघड आहे. मासळी चालते की नाही, याचे उत्तर धर्मसंहितेत मिळेल. आपण सोडलेली भाकर कोणाच्या ताटात पडली, याचे उत्तर मात्र ज्याचे त्यानेच प्रभूला द्यावयाचे आहे.