आता न दिसणाऱ्या वस्तू

वेगळं ताट. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत. आहेरातल्या पातेल्यावरही देणाऱ्याचं नाव आणि तारीख. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या या वेगळ्या ताटावर मात्र नाव नसे. मागच्या बाजूला खिळ्यानं ओढलेली फुली असे, घासणारीला कळावं म्हणून. सोबत एक पेला, एक टॉवेल. एचआयव्ही ताटातून, पेल्यातून, टॉवेलातून जात नाही हे घरातल्या शिकलेल्यांना तेव्हाही ठाऊक होतं. ताट तरी वेगळंच राहिलं. आज ते फारसं दिसत नाही. घर सुधारलं म्हणून ते इतर भांड्यांत मिसळलं, असं मला वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी घराला काही सांगितलेलंच नसतं, म्हणून ताट सगळ्यांसारखं. या यादीतल्या बऱ्याच वस्तूंचं असंच आहे.

पहारा. म्हापशाचं क्षयरोग्यांचं जुनं इस्पितळ, 1989. डॉमिनिक डिसोझा, तिशीच्या उंबरठ्यावरचा, नेमानं रक्तदान करणारा. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला, ते त्याच्याआधी सरकारला कळलं. पोलीस त्याला घेऊन गेले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारानं 64 दिवस तिथे एकट्याला ठेवलं. आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मुलगा सुटला, पण माणसाला असं वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयानं उचलून धरला. 1992 मध्ये डॉमिनिक गेला. रक्त द्यायला गेलेल्या माणसाला पोलिसांनी धरावं, हे आज ऐकणाऱ्याला खोटं वाटतं.

गावाचा विरोध. लातूर जिल्ह्यातलं हासेगाव, 2009. ‘सेवालय’ या संस्थेतली एचआयव्हीसह जगणारी मुलं गावातल्या शाळेत बसणार म्हटल्यावर इतर पालक उठले. शेवटी जिल्हा प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. इतका उघड विरोध आता क्वचित. ‘यंदा जागा भरल्या’ एवढं म्हटलं की भागतं, आणि हे वाक्य कुठल्याही कागदावर येत नाही. उघड विरोधाशी निदान भांडता तरी येत होतं.

रेड रिबन एक्स्प्रेस. 1 डिसेंबर 2007 ला दिल्लीहून निघालेली गाडी. स्टेशनात उभी राहायची, लोक डब्यांतून फिरून एचआयव्हीविषयीचं प्रदर्शन पाहायचे. पुढं आणखी फेऱ्या झाल्या. मग थांबली.

चेहरा. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांवर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या फुकट मिळू लागल्या. सुरुवातीच्या त्या गोळ्यांत स्टॅव्ह्यूडीन असे. स्वस्त, कामाची, पण काही वर्षं घेतली की पुष्कळांच्या गालांतली चरबी झडे. गाल बसत, कानशिलं खोल जात, हातापायांवर शिरा उठत. माणूस जगे आणि ओळखू येई. ऐन अठरा-वीस वर्षांच्या मुलीला आरशात तसा चेहरा दिसणं म्हणजे काय, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती घेणाऱ्याकडे पाहून काही म्हणता काही कळत नाही. गोळ्या नेमानं घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. समुपदेशकाच्या खोलीत हे सांगतात. लग्न ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोण सांगणार?

लाल शाई. एचआयव्हीची नोंद केसपेपरच्या कोपऱ्यात, कधी कॉटच्या पायथ्याशी, वॉर्डबॉयपासून भेटायला आलेल्या मावशीपर्यंत सगळ्यांना वाचता येईल अशी. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीवाचून कुणाचा एचआयव्ही उघड करायचा नाही. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करायचा नाही. शाई गेली. शस्त्रक्रियेच्या यादीत शेवटचा नंबर लावायची सवय अजून आहे, आणि त्याला शाई लागत नाही.

बाकडं. ग्वाल्हेरचं एआरटी केंद्र जयारोग्य रुग्णालयामध्ये. दर महिन्याला गोळ्या न्यायला यायचं तर बाकड्यावर तास-दोन तास जायचे. तेवढ्यात पोरं एकमेकांना ओळखू लागत. कुणाला कुठलं कॉलेज मिळालं, कुणाला कोणत्या गोळीनं रात्री वाईट स्वप्नं पडतात. तब्येत स्थिर असेल तर आता एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देतात. दुकानात किंवा वर्गात दर महिन्याला नवं कारण रचायला नको. ही सुटका खरी आहे. पण खोटं न बोलता बसायची तेवढी एकच जागा होती. त्यातही काहीजण आपल्या शहरातलं केंद्र सोडून परगावच्या केंद्रावर नाव घालतात. तिकिटाचे पैसे जातात, ओळखीचं कुणी भेटत नाही.

आजी. आईकडून विषाणू घेऊन जन्मलेली मुलं आज विशी-पंचविशीत आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांचे आईवडील फुकट गोळ्या सुरू व्हायच्या आधी किंवा लगेच नंतर गेले. वाढवलं आजीनं. घड्याळ वाचता न येणारी आजी टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळेवर गोळी देई. विचारलं की ‘शक्तीची आहे’ म्हणे. शेजारणीला दमा सांगे, शाळेत बाईंना आणखी काही. नातू दहा-बारा वर्षांचा झाला की समुपदेशक म्हणे, आता खरं सांगा. ती पुढच्या खेपेवर ढकले. या आज्या आता चालल्या. त्यांच्यामागं घरात जाणणारं कुणी उरत नाही, किंवा काका उरतो, आणि काकाला हे आठवतं ते वाटणीच्या वेळी. 2017 च्या कायद्यात एक कलम आहे: आईवडील काळजी घेऊ शकत नसतील तर बारा ते अठरा वयातलं समजदार भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँकेचं खातं पाहू शकेल. कायदा लिहिणाऱ्यांना बारा वर्षांचा पालक कल्पावा लागला, ती घरं किती रिकामी असतील! गरोदरपणी तपासणी आणि औषधं मिळाल्यानं तशी बाळं आता पुष्कळ कमी जन्मतात. म्हणजे ते बालपणच ओसरत चाललं आहे. ओसरू दे.

डबीवरचं लेबल. इकडे ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये खोली भाड्यानं देणारे आजार विचारत नाहीत. ‘नौकरी कहाँ है, नॉनवेज तो नहीं खाते, दोस्त-वोस्त तो नहीं आएँगे?’ एवढ्यावर चावी मिळते. भाडेकरू मुलगा तशा गोळ्यांवर असेल तर डबी आत नेण्याआधी लेबल पाण्यात भिजवून खरवडतो आणि गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस दाबतो. घरमालकानं त्याच्याशी भेदभाव केला, असं कुठल्याही कायद्यानं म्हणता येणार नाही.

नाव. मुंबई उच्च न्यायालय, 1997. रोजंदारीवरचा एक कामगार; काम नीट करत होता. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून कंपनीनं त्याला कायम केलं नाही, पुढं कामही दिलं नाही. तो न्यायालयात गेला आणि जिंकला. काम करायला शरीरानं समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून डावलता येणार नाही, असा निकाल झाला. निकालपत्रात त्याचं नाव एमएक्स. खरं नाव झाकायची मुभा न्यायालयानं दिली होती, आणि 2017 च्या कायद्यातही ती सोय आहे. त्याच निकालपत्रात कंपनीचं नाव झेडवाय. कामगाराला नाव लपवावं लागलं हे समजतं. कंपनीला कुणापासून लपायचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.