भायखळ्याहून कळंब्याला

मुंबई, भायखळा

ती. आबांस सा. न.

राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. इथल्या काचेच्या कपाटांत जातीजातीची, धंद्याधंद्याची मातीची माणसं मांडलेली आहेत. काम फार देखणं आहे आणि थट्टेचा हेतूही दिसत नाही. तरीही एका मूर्तीनं आख्खी जमात दाखवायची म्हटलं, की माणूस जन्मानं जो असेल तोच, हे धरूनच चालावं लागतं. सरकारही त्याच काळात तसाच विचार करत होतं. १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या कोल्हापुरात महार, मांग, रामोशी, बेरड यांना सरकारदरबारी द्यावी लागणारी सक्तीची हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली, ती ही समजूत मोडायलाच.

अमेरिकेत हीच समजूत खेळण्यांत उतरली, आणि तिथे थट्टा उघड होती. १८८०च्या दशकात बफेलो शहरात मुलांसाठी बिडाचा एक गल्ला निघाला. काळ्या माणसाचा अर्धपुतळा, लाल अंगरखा, सुजल्यासारखे जाड ओठ. तळहातावर नाणं ठेवून मागची कळ दाबली की हात वर जातो, नाणं तोंडात पडतं, डोळे फिरतात. पोराला बचतीची सवय लागावी म्हणून घेतलेली वस्तू. पण तिच्यासोबत ते काय शिकत होतं? लहान मुलांना त्यातलं काय कळतंय, असं म्हणणारे आहेत. मला धोका तिथेच दिसतो. कळायच्या आधी जे अंगवळणी पडतं, ते पुढे तपासून बघायचं कुणाला सुचत नाही.

मुंबई, दोन दिवसांनी

ती. आबांस सा. न.

मग असल्या वस्तू वितळवून का टाकू नयेत? डेव्हिड पिलग्रिम या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञानं लहानपणी अशीच एक वस्तू विकत घेऊन जागच्या जागी फोडली होती. पुढे त्यांनीच अशा हजारो वस्तू जमवल्या. मिशिगनमधल्या फेरिस स्टेट विद्यापीठातलं जिम क्रो संग्रहालय त्यांतूनच उभं राहिलं. मला त्यांचं दुसरं कृत्य जास्त पटतं, कारण पुरावा गेला की ‘आमच्याकडे असं नव्हतंच’ म्हणायला रान मोकळं होतं. मात्र ज्यांच्या आजा-पणजाची ही विटंबना, त्यांना ती पुन्हा बघावी लागते, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. म्हणून असा गल्ला भोवऱ्या-बाहुल्यांच्या शेजारी गंमत म्हणून ठेवू नये. तो कुणी ओतला, कुणाच्या घरात गेला, पैसा कुणी कमावला, हे पाटीवर ठळक हवं. आणि त्याच दालनात त्या लोकांनी स्वतः घडवलेलंही काही हवं.

अमेरिकेच्या भानगडीशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांत अजूनही तोंडाला काळं फासून, कमरेला पानं बांधून पोरांना ‘आदिवासी’ म्हणून नाचवतात आणि पालक टाळ्या वाजवतात. खेळणं बिडाचं नाही, एवढाच फरक. यंदा गॅदरिंगची तयारी सुरू व्हायच्या आत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तुम्ही हा विषय काढाच. मुख्याध्यापकांनाही हे पत्र वाचायला द्या.